खोक्यातला कोंगी

मी एक खोका बोलतोय. पुठ्ठ्याचा, दहा किलो संत्र्यांचा. कोरियातल्या जेजू बेटावरच्या बागेतून भरून निघालो तो थेट मिरानच्या घरी आलो. मिरान समुद्रात बुडी मारून शंख-शिंपले काढणारी. संत्री आठवड्यात संपली आणि तिची पाच वर्षांची लेक सोदाम माझ्यात येऊन बसली.

त्या दिवसापासून मी पाणबुडी झालो. सोदामच्या शेजारी कोंगी बसायचा. मला तो कधी दिसला नाही. पण ती त्याच्यासाठी अंग चोरून बसायची, तेवढ्यावरून त्याची जागा कळायची. आम्ही तिघं निळ्या पाण्यात खोल खोल जायचो. मासे दिव्यांसारखे तरंगत यायचे. घरात बसल्या बसल्या माझ्या कडा ओलावल्यासारख्या वाटायच्या.

शेजारच्या ओक्सुनमावशी एकदा म्हणाल्या, "अगं मिरान, पोर एकटीच बडबडते दिवसभर. फेकून दे तो खोका!"

दुसऱ्या दिवशी मिरान खरंच मला उचलायला आली. सोदाम आतच होती. दबक्या आवाजात सांगत होती, "रडू नको कोंगी. येईल तुझी आई वर. आज जरा उशीर झालाय."

मिरानचे हात तिथेच थांबले. ती माझ्यापाशी खाली बसली आणि रिकाम्या बाजूकडे बघत म्हणाली, "कोंगी, कशाची भीती वाटते रे तुला?"

सोदामने रिकाम्या बाजूला कान लावला. मग म्हणाली, "त्याला वाटतं, आई खाली गेली की वर यायचं विसरेल."

"त्याला सांग, वर आले की मी श्वास सोडते ना, त्याची शीळ वाजते. उद्या किनाऱ्यावर ये म्हणावं, ऐकायला."

"तुझीच शीळ आहे हे कसं कळणार त्याला?"

"ही घे, ऐकवते." मिरानने दम कोंडला, ओठ आवळले आणि श्वास सोडला. हूऽऽई! सोदाम इतकी हसली, की माझा एक कोपरा फाटला.

"बुडी मारणाऱ्या दहा जणींच्या शिळांतून पोरीनं आईची बरोब्बर ओळखली हो!" दुसऱ्या दिवशी ओक्सुनमावशीच सगळ्यांना सांगत सुटल्या.

आता सोदाम शाळेत जाते. मी दमट होऊन, घडी घालून रद्दीत पडलोय. तुमच्या घरी असा खोका असेल, तर फेकण्याआधी वाकून विचारा, आत कोण कोण आहे.

आज सकाळी सोदामने माझी घडी उलगडली. "उतर रे," म्हणाली, आणि मूठ अर्धवट मिटून, कुणाचा तरी हात धरल्यासारखी, शाळेला निघून गेली.