नर्सबाईंच्या गाडीतली चौकट

मी एक जुनी चौकट आहे. फोटोची नव्हे, खिडकीचीही नव्हे. एका गाडीच्या डॅशबोर्डवर मोठा स्क्रीन बसवण्यासाठी मला खास घडवलं होतं. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या छत्र्या आणि घड्याळं तुम्हाला भेटली असतील. आम्हाला अडगळीत टाकलं म्हणून ती रडतात. माझं रडगाणं उलटं आहे. मला फार जपलं, आणि तिथेच सगळा घोळ झाला.

गाडी नर्सबाईंची. घरोघरी जाऊन त्या रुग्णांची मलमपट्टी करायच्या, इंजेक्शनं द्यायच्या, अंथरुणाला खिळलेल्यांना कुशीवर वळवायच्या. बाई चणीने लहान. सीट पार पुढे ओढून, पाठीशी उशी घेऊन बसायच्या. पण गाडी अशी चालवायच्या की शेजारच्याला डुलकी लागावी. त्यांचा नवरा फर्निचर बनवायचा. उंचापुरा गडी. हाताला कसब होतं, खोटं कशाला बोलू? फक्त कोणाला काही विचारायची सवय नव्हती.

"फोनवर पत्ता बघायचा म्हणजे डोळे बारीक करावे लागतात हो," असं बाई एकदा बोलून गेल्या. झालं! पुढच्याच सुट्टीला नकाशाचा मोठा स्क्रीन बसवायला नवऱ्याने डॅशबोर्डमधला रेडिओ उपटला. पुठ्ठा कापून नमुना केला, त्यावरून पातळ प्लायवूड कापलं, कोपऱ्यांत फोम भरला, वर फायबरचं कापड अंथरून रेझिन चोपडलं. वाळल्यावर पुट्टी, मग पॉलिश पेपर, मग पुन्हा पुट्टी. शेवटी काळं रेग्झीन असं ताणून बसवलं की सुरकुती शोधून सापडू नये. स्क्रीन मोठा आणि जागा लहान, म्हणून मला डॅशबोर्डच्या वर डोकं काढावं लागणार होतं.

किती वर, ते ठरवायला त्याने दोरी घेतली होती. कपाट असो की टेबल, नजरेची रेघ दोरीने बघायची ही त्याची पद्धत. बाईंची सीट त्याने मागे सारली, स्वतः ऐसपैस बसला आणि दोरीचं एक टोक आपल्या डोळ्यापाशी धरलं. दुसरं टोक बाईंच्या हातात देऊन त्यांना बाहेर बॉनेटपाशी उभं केलं.

"अहो, मी बसून बघू का एकदा?" बाईंनी विचारलं.

"माप घेताना मध्ये बोलू नकोस. दोरी ताणून धर."

बाईंनी दोरी ताणून धरली, आणि त्या दोरीखाली मावेल एवढी माझी उंची ठरली.

मी बसले तेव्हा काय कौतुक झालं म्हणता! "माझ्या लेकाच्या हातात जादू आहे," सासूबाई म्हणाल्या. शेजारी म्हणाला, "कंपनीतूनच बसवून आल्यासारखं वाटतंय." माझ्याही अंगावर मूठभर मांस चढलं.

बाई मात्र पहिल्याच फेरीनंतर म्हणाल्या, "अहो, डाव्या कोपऱ्यातलं काहीच दिसत नाही मला."

"सवय होईल."

काही दिवसांनी त्या पुन्हा म्हणाल्या, तर स्वारी रुसली. "एवढं मरमर मरून केलं, त्याचं हे फळ!" त्या रात्री जेवलाच नाही. मग बाईंनी उशी पाठीमागून काढून खाली घेतली. तर पाय पुरेनात. शेवटी प्रत्येक वळणावर मान लांब करकरून त्या गाडी हाकू लागल्या.

आणि एके सकाळी गल्लीच्या वळणावर डाव्या बाजूला उभी असलेली शेजाऱ्याची स्कूटर आडवी झाली. नशीब, तिच्यावर कोणी नव्हतं. बाई उतरून आधी स्कूटर उचलायला धावल्या.

"मला ती दिसलीच नाही. ही चौकट आड येते," त्या म्हणाल्या.

नवरा तडक गाडीत बसला. सीट मागे सारली. "या, बघा सगळ्यांनी! मला तर लख्ख दिसतंय." शेजारीही बसून बघून आला. तोही ताडमाड. "दिसतंय की!" म्हणाला. सासूबाईंनी मान हलवली, "चूक आपली, आणि खापर त्या बिचाऱ्या चौकटीवर!"

मी बिचारी! मित्रांनो, मला तोंड असतं तर ओरडले असते, अरे दीडशहाण्यांनो, आधी सीट पुढे घ्या!

किल्ली त्या दिवसापासून नवऱ्याच्या खिशात गेली. "गाडी चालवणं तुझ्या हातचं नाही. मी सोडत जाईन ना!" म्हणाला. इंजेक्शनची वेळ ठरलेली, आणि ह्याचा फेविकॉल वाळायचा बाकी. बाई आत कोणाला कुशीवर वळवत असायच्या, की हा बाहेर हॉर्न वाजवायचा. रुग्णांनी दुसरी माणसं बघितली. बाईंनी एकेका घरावर पाणी सोडलं आणि जवळच्या दवाखान्यात नंबर पुकारायला बसल्या. चालत जायच्या. इकडे मला मात्र दर सुट्टीला मऊ फडक्याने पुसलं जायचं, पॉलिश लागायचं. पाहुणा आला की आधी मी, मग चहा.

वर्षं गेली. लेक मोठी झाली, अगदी आईच्या चणीची. "बस, तुला गाडी शिकवतो," बाप म्हणाला. आई मागच्या सीटवर बसली. लेकीने सीट पुढे ओढली आणि लगेच म्हणाली, "बाबा, हे काय मध्येच? मला डावीकडचं काही दिसत नाहीये."

आता 'सवय होईल' येणार, असं मला वाटलं.

"दिसत नाही? उतर बघू." तो स्वतः बसला. सीट पुढेच ठेवून, गुडघे स्टिअरिंगला टेकवून, मान खाली घालून त्याने समोर बघितलं. "अरेच्चा, खरंच की! पोरीच्या जिवाशी खेळ नको." आणि त्याच दुपारी पटाशी घेऊन मला उखडायला बसला.

"मी सांगत होते तेव्हा का नाही असं बसून बघितलंत?" बाईंनी विचारलं.

त्याने मान वरही केली नाही. "तू असं नीट कधी सांगितलंसच नाही."

आयुष्यात मला इतका संताप कधी आला नव्हता. ज्या हातांनी मला घडवलं, त्या हातांची मला किळस आली.

आता मी त्याच्या फर्निचरच्या कारखान्यात एका फळीवर धूळ खात पडले आहे, आणि मला त्याचं सोयरसुतक नाही. बाकीच्या वस्तू तुम्हाला म्हणतील, आम्हाला जपा. मी म्हणते, आम्हाला मेलं काय जपायचं? मित्रांनो, कोणी 'मला दिसत नाही' म्हणालं, तर पहिल्याच वेळी उठा आणि त्याच्या जागेवर बसून बघा. उशीर केलात, तर नंतर चौकट उखडून काही उपयोग होत नाही.

परवा इथेच, माझ्यासमोर, लेक आईला म्हणत होती, "आई, आता समोर सगळं मोकळं आहे. चालव ना तू!"

बाई म्हणाल्या, "नको गं बाई. मला गाडी चालवता येत नाही."