फिल्टरमधला लाल दोरा

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, तरी तो वाहावा लागतच होता. मारेगावहून येताना अश्वजितच्या ट्रकचा टर्बो धापा टाकू लागला, म्हणून त्यानं देवरावदादाच्या गॅरेजात नवा एअर फिल्टर अन् हवेचा पाइप बसवून घेतला. त्याच्या हाती पहिल्यांदा स्टिअरिंग दिलं होतं ते देवरावनंच.

चौथ्या दिवशी चढणीवर ट्रक पुन्हा दमला, काळा धूर ओकू लागला. अश्वजितनं फिल्टरचा डबा उघडला. कापसाची रुई शिरू नये म्हणून प्रियंकानं, त्याच्या बायकोनं, जुन्या फिल्टरला लुगड्याची खोळ शिवली होती. आता खोळ नव्हती, पण रबरी काठात तिचा लाल दोरा अडकलेला होता.

तो फिल्टर घेऊन गॅरेजात गेला.

"ये बाबू, चहा घे," देवराव म्हणाला.

"दादा, हा नवाच हाय ना?"

"मंग? म्याच खोकं फोडलं."

"कंपनीवाले बी आमच्या प्रियंकाच्या दोऱ्यानं शिवून राह्यले काय?"

देवराव पाना पुसत राहिला.

"दादा, तुमी नवा भेटला नाई म्हणाले असते, तर जुन्यावरच चालवला असता मी."

ट्रकची दुसरी चावी आजवर देवरावच्याच भिंतीवर असायची. जाताना अश्वजितनं ती खिळ्यावरून काढून घेतली.