शेपूट येईपर्यंत

सोपी वाट कशाला म्हणायचं आणि मध्यम कशाला, यावरून आमच्या चालण्याच्या मंडळात जेवढी भांडणं झाली तेवढी संसदेतही होत नसतील. सोपी म्हणजे सपाट, कोरडी, शेवटी चहा. मध्यम म्हणजे चढ, चिखल, पायऱ्या, आणि शेवटी चहाच. त्या गुरुवारची वाट अर्धी अशी, अर्धी तशी होती. आधी नदीच्या कडेनं ओकच्या रानातून जायचं, मग समुद्रकाठी पोर्थ केरिसच्या वाळूवर उतरायचं आणि पायऱ्यांनी कडा चढून वरच्या चहाच्या दुकानात.

आदल्या दिवशी गिलियनचा फोन आला. हल्ली पुढारीण ती आहे. म्हणाली, "मॉर्वेना, डेन्झिलला आता फक्त सोप्यांवर आणत जा गं. वाईट वाटून घेऊ नकोस."

"मंडळ काढलं कुणी?" मी म्हटलं. "तुझ्या काकानं?"

मंडळ डेन्झिलनं काढलं होतं. माझा नवरा. गेल्या वर्षापासून त्याचं डोकं जुन्या स्वेटरसारखं उसवत चाललंय. बूट फ्रीजमध्ये ठेवतो. लेकीचं नाव विचारतो, आणि सांगितलं की ओशाळतो. लेकीनं माझ्या मागे टुमणं लावलंय की बाबांना वृद्धाश्रमात ठेव. पण पायवाटेवर पाय पडला की तो पुन्हा माणसात येतो. कुंपण ओलांडायची कुठली पायरी सैल आहे, कुठे डाव्या हाताला काटे आहेत, हे त्याच्या पायांना अजून ठाऊक आहे. तो गुरुवार काढून घेतला तर घरात उरणार काय, खुर्ची आणि खिडकी. म्हणून मी त्याला घेऊन गेले. वाघीण होऊन घेऊन गेले म्हणा.

आमची एक रीत आहे, तीही डेन्झिलनंच घातलेली. सगळ्यात मागे नारिंगी जाकीट घातलेला एक जण चालतो, त्याला आम्ही शेपूट म्हणतो. वाट फुटली की पुढारी आपल्या मागच्या माणसाला फाट्यावर उभं करतो. तो खांब. खांबानं सगळ्यांना हात करून वाट दाखवायची आणि शेपूट आल्याशिवाय जागचं हलायचं नाही. शेपूट पोचलं म्हणजे सगळे पोचले. त्यामुळे आम्ही माणसं मोजत नाही. शाळेची सहल आहे का ती?

पोर्थ केरिसला वाळूवर उतरलं की समोर, समुद्रात घुसलेल्या खडकाच्या नाकाला वळसा घालून एक वाट दिसते. ओहोटीला फार छान दिसते. नवखा माणूस हटकून तिकडे जातो, आणि भरती आली की अडकतो. म्हणून तिथे खांब लागतोच. गिलियनच्या मागे त्या वेळी डेन्झिल होता. तिनं त्यालाच उभं केलं.

मी मागून आले तर हा नाकाच्या पायथ्याशी ताठ उभा, हात पायऱ्यांकडे. चेहऱ्यावर असं तेज की लग्नातसुद्धा नव्हतं.

"डावीकडे बाई, डावीकडे," तो मला म्हणाला. "वर चहा आहे."

"हो साहेब," मी म्हटलं. मला हसूच आलं. थांबावं का, असं मनात आलं. पण खांबाजवळ बायको थांबली तर तो खांब कसला? त्याचा मान राहू दे म्हणून मी पायऱ्या चढले.

वर दुकानात चहा आला, केशराचे बन आले. गिलियन म्हणाली, "बघितलंस, मी उगाच घाबरले होते." मी पण जरा मिरवलं. मग बऱ्याच वेळानं दार उघडून नेव्हिल आत आला, अंगात नारिंगी जाकीट. शेपूट आलं म्हणून गिलियननं केक कापायला घेतला.

नेव्हिलच्या दंडाला धरून मॉरीन लंगडत होती. मी दाराकडे बघत राहिले. मागून कुणी येईना.

"नेव्हिल, डेन्झिल कुठाय?"

"तुमच्याबरोबर नाही? मॉरीनचा पाय मुरगळला ना, तर मी हिला रानातूनच शेताच्या वाटेनं सडकेवर काढलं. वाळूवर आम्ही उतरलोच नाही."

त्यानं जाकीट दुसऱ्या कुणाला द्यायला हवं होतं, एवढंच. ते राहिलं. पौर्णिमेचं उधाण होतं, सकाळी सगळ्यांनी त्यावर गप्पा मारल्या होत्या. खाली फोन लागत नाही. गिलियननं किनारा बचाववाल्यांना फोन लावला आणि मी निघाले. नेव्हिल मागून "थांब, थांब" म्हणत होता. माझ्या गुडघ्याची वाटी घासते, डॉक्टरीण बाईंनी पायऱ्या बंद केल्यात. मी बसत, घसरत, कठड्याला लोंबकळत उतरले. देवा, एवढं एक माझं ऐक, असं म्हणत होते. चर्चला मी फक्त नाताळात जाते, तरी म्हणत होते.

वाळू नव्हतीच. शेवटच्या पायऱ्याही पाण्यात गेल्या होत्या. आणि तिकडे नाकाशी डेन्झिल कमरेएवढ्या पाण्यात, पाठ खडकाला टेकून उभा होता. एक हात अजून पायऱ्यांकडे.

"डेन्झिल, ये इकडे. चल."

लाट ओसरल्यावर त्यानं ओरडून सांगितलं, "डावीकडे बाई. वर जा."

मी पाण्यात शिरले. ऑक्टोबरचं पाणी, श्वासच कोंडला. लाट आली की खडकाला धरायचं, गेली की दोन पावलं टाकायची. त्याच्यापर्यंत पोचले तेव्हा त्याचे ओठ निळे होते आणि दात वाजत होते. मी त्याचा हात धरून ओढला. त्यानं सोडवून घेतला.

"खांब हलत नाही," तो म्हणाला. "शेपूट यायचंय."

"नेव्हिल वर पोचला रे. दुसऱ्या वाटेनं गेला."

"इथून गेला नाही तो. मी डोळ्यांत तेल घालून उभा आहे."

"मरू दे त्या नेव्हिलला. तू चल."

"तुम्ही जा बाई. उगाच भिजताय."

पाणी त्याच्या छातीला लागलं. मी त्याला शिव्या दिल्या, ज्या आयुष्यात दिल्या नव्हत्या. लेकीची आण घातली. सुंभ जळाला तरी पीळ जाईना. एका लाटेनं आम्हा दोघांना खडकावर आपटलं, माझी पकड सुटली, त्यानंच मला दंडाला धरून उभं केलं. त्याच्यात ताकद होती अजून. त्याला ओढून नेणं माझ्या बापाच्यानं झालं नसतं.

"मीच शेपूट आहे," मी म्हटलं. "जाकीट नेव्हिलनं मला दिलं, ते वाहून गेलं. माझ्या मागे कुणी नाही. सगळे आले."

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. विचार केला. मग मान हलवली.

"सगळे नाही आले. माझी बायको मागे आहे. गुडघा दुखतो तिचा, हळू येते. ती समोरच्या वाटेनं गेली तर बुडेल हो. तिला घेतल्याशिवाय मी नाही येणार."

मी त्याच्या तोंडासमोर होते, हातभर अंतरावर. वेना, वेना म्हणून चाळीस वर्षं हाका मारल्या ज्यानं, तो माझ्या खांद्यावरून मला शोधत होता. मी म्हणणार होते, मीच ती, अरे मीच. तोंड उघडलंही. पण त्यानं मानलं नसतं तर? वाद घालायला पाणी थांबत नव्हतं.

"तुमची बायको वर पोचली," मी म्हटलं. "मी बघितलं ना. निळा कोट. केव्हाच गेली, तुमचा चहा ओतून बसलीय."

"खरंच?"

"शप्पथ."

त्याचे खांदे खाली आले. "मग चला," म्हणाला, आणि मलाच धरून चालवू लागला. नेव्हिल गळ्यापर्यंत पाण्यात येऊन उभा होता, त्यानं आम्हाला पायऱ्यांवर ओढलं. चढताना डेन्झिल थरथरत मला सांगत होता की वेना तापट आहे, पण बन मात्र ती माझ्यासाठी राखून ठेवते. मी हो हो म्हणत होते.

वर सगळे दाराबाहेर उभे होते, कुणी घोंगडी आणली, कुणी रडत होतं. डेन्झिलनं एकेक चेहरा बघितला. माझ्याही चेहऱ्यावरून नजर गेली. निळा कोट माझ्या अंगावर पाण्यानं काळा झाला होता.

"ती नाहीये इथे," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "बाई, तुम्ही शप्पथ घेतली होती."

घोंगडी टाकून तो पायऱ्यांकडे निघाला. गिलियन आणि नेव्हिलनं त्याला दोन्ही दंडांना धरलं. कधी आवाज न चढवणारा माझा नवरा खालच्या पाण्याकडे तोंड करून "वेना, वेना" म्हणून ओरडू लागला. मी त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. त्याचे गाल धरले, म्हटलं, मी इथंय रे, इथंच आहे. माझ्यामुळे त्याला समुद्र दिसत नव्हता, म्हणून तो मान वाकडी करून माझ्या पलीकडे बघत होता.