आठ दिसातून एकडाव

कुंडीवरची नर्सरीची चिठ्ठी पुंजाजींनी नखानं खरवडून काढली आणि तिचा बोळा करून बंडीच्या खिशात कोंबला. तेवढ्यात फाटकाशी ऑटो थांबला. सून वैजयंती बाळंतपण आटोपून, चार महिन्यांनी वाशीमच्या माहेराहून इंझोरीला परत आली होती. कुशीत दोन महिन्यांची पोर.

ओसरीत टांगलेल्या ऑर्किडला पाच जांभळी फुलं होती. वैजयंती पायरीवरच थबकली. मैत्रिणीनं लग्नात दिलेलं तिचं झाड तीन वर्षांत एकदाही फुललं नव्हतं. कोवळं ऊन मिळावं म्हणून ती ते पूर्वेच्या खिडकीत ठेवायची. गारव्यानं फुलाचा दांडा निघतो असं कुठंतरी वाचून हिवाळ्यात रात्री अंगणात टांगायची. एकदा शेळीनं त्याचं पान चावलं, तर ती त्या दिवशी जेवली नव्हती. जाताना तिनं सासऱ्यांना बजावलं होतं,

"मामाजी, यंदा दांडा निघन असं वाटते. आठ दिसातून एकडाव पानी. बाकी काईच करू नका."

काहीच न करणं पुंजाजींना जमलं असतं तर आणखी काय हवं होतं! त्यांनी लावलेलं रोप मरत नाही, अशी गावात त्यांची ख्याती. आणि इथं कुंडीत मातीच नाही. नुसते सालीचे तुकडे आणि कोळसा, मुळं बाहेर उघडी लोंबत होती. त्यांना ते बघवेना. पोरीला शेतीतलं काय कळतं, असं म्हणत त्यांनी शेतातली काळी माती आणली, शेणखत कालवलं आणि झाड मुळांसकट त्यात दाबून लावलं. वर रोज तांब्याभर पाणी. महिन्या-दीड महिन्यात मुळांचा लगदा झाला, पानं गळू लागली. सून यायच्या आठवडाभर आधी त्यांनी ते गोठ्यामागच्या उकिरड्यावर टाकलं, तहसीलचं काम आहे सांगून अकोला गाठलं आणि फुललेलं झाड घेऊन आले. तिनं फूल कधी पाहिलंच नाही, ओळखणार कशी, एवढाच काय तो आधार.

वैजयंतीनं फुलांना हात लावला नाही. एकेका पानाच्या कडेवरून तिचं बोट हळूच फिरलं.

"काय केलं मामाजी तुमी याले?"

"काई नाई. तू सांगून गेली तसंच."

तिनं मान हलवली आणि पोरीला त्यांच्या मांडीवर दिलं.

मग शेजारचा देवानंद फोटो काढून गेला. पुंजाजींचा मुलगा शिवम, जो येईल त्याच्यापुढं बापाच्या हाताचं कौतुक करू लागला. कुणी वाखाणलं की पुंजाजी उठून गोठ्यात जायचे. झाड मारल्याची लाज होतीच, पण 'तू सांगून गेली तसंच' हे शब्द आठवले की हातातली भाकरी ते ताटात परत ठेवत. सगळं सांगून टाकावं म्हणून रोज सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जात आणि चहा मागून परत येत.

तीन आठवडे असेच गेले. एका सकाळी गाय सुटून गोठ्यामागं गेली, तिच्यामागं पुंजाजी गेले. तिथल्या सीताफळाच्या फांदीला नारळाची शेंडी टांगलेली होती, आणि पोरीच्या दुपट्याच्या चिंधीनं तिच्यावर एक रोप बांधलेलं होतं. एकच पान. पानाची कड चावून तुटलेली. कुजलेलं सगळं कुणीतरी स्वच्छ कापून काढलं होतं आणि उरलेल्या बुडख्यातून ज्वारीच्या दाण्याएवढं हिरवं मूळ फुटलं होतं.

पुंजाजींनी त्या चावलेल्या कडेवरून बोट फिरवलं. म्हणजे पहिल्याच दिवशी तिला कळलं होतं. या तीन आठवड्यांत कुणी त्यांचं कौतुक केलं, तेव्हा ती बाजूलाच उभी असायची, आणि तिनं घरात चकार शब्द काढला नव्हता.

मागं पावलं वाजली. वैजयंती पाण्याचा गिलास घेऊन उभी होती.

"पोरी, मी..."

तिनं पुढच्या शब्दांची वाट पाहिली नाही. गिलास त्यांच्यापुढं धरला.

"आठ दिसातून एकडाव पानी, मामाजी. बाकी काईच करू नका."

पुंजाजींनी गिलास घेतला. झाडाला पाणी कधी द्यायचं, हे उभ्या जन्मात त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं.

"आज देऊ का?" मान वर न करता त्यांनी विचारलं.