चैत्रातली सफरचंदं

देवगडच्या आंबेवाल्याच्या मुलाला आंबट फळाचं झाड बघवत नाही. शशिकांत पेडणेकरांच्या ब्रिस्टलच्या घरामागे सफरचंदाचं असलंच एक जुनं झाड होतं आणि घर घेतल्यापासून ते त्यांना सलत होतं. विमानांच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून आयुष्य गेलं, पण फळातलं आपल्यालाच कळतं हा ताठा काही गेला नाही. झाडाला ते ‘रायवळ’ म्हणत, बिनकलमी आंब्याला म्हणतात तसं.

शेजारच्या डोरीनबाईंनी जातीचं नाव सांगितलं होतं, ॲनी एलिझाबेथ. जुनी इंग्लिश जात, शिजवून खायची. शिजली तरी फोड मोडत नाही आणि ऑक्टोबरात उतरवलेलं फळ वसंतापर्यंत टिकतं. शशिकांतरावांनी हे या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं. त्यांच्या बायकोनं, मधुमतीबाईंनी, मात्र नीट लक्षात ठेवलं.

त्यांना चैत्राची काळजी होती. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ आणि पन्हं हवं, आणि इथे कैरी मिळालीच तर सुकलेली. म्हणून त्या सफरचंदं वर्तमानपत्रात गुंडाळून गॅरेजमध्ये मांडून ठेवत. एप्रिलमध्ये ती किसून भरड वाटलेल्या हरभऱ्याच्या डाळीत घालायची, वर हिंगाची फोडणी. उकडून गर काढला, गूळ-वेलदोडा घातला की पन्हं. ठेवणीत आंबटपणा उतरलेला असे, तिथे लिंबू पिळायचं. पहिल्या वर्षी बायकांनी नाकं मुरडली. पुढे पुढे कार्डिफहून गाड्या भरून येऊ लागल्या. या देशात बाकी सगळं नवऱ्याच्या नोकरीनं आलेलं. हे हळदीकुंकू तेवढं मधुमतीबाईंचं स्वतःचं होतं.

२००६च्या फेब्रुवारीत त्या बहिणीकडे पुण्याला गेल्या आणि शशिकांतरावांनी करवत काढली. नातवंडांना गोड फळ मिळावं, बायको खूश व्हावी, असा हेतू. हेतू चांगलाच होता, विचारायचं तेवढं राहिलं. सगळ्या फांद्या उतरवून, मित्राच्या बागेतल्या गोड सफरचंदाच्या काड्या त्यांनी खुंटांत खोचल्या आणि वडील बांधत तशी कलमं बांधली.

बाई परतल्या तेव्हा त्यांना हौसेनं मागच्या दारी नेलं. त्यांनी बोडकं झाड पाहिलं. मग गॅरेजमध्ये जाऊन उरलेली सफरचंदं पाहून आल्या. त्या वर्षीचं हळदीकुंकू त्या उरलेल्या फळांवर निभावलं. त्यांच्या मैत्रिणीनं, नीनानं, पन्हं पुन्हा मागितलं, तेव्हा पुढच्या वर्षी हे नसेल, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. त्यांना फार लागलं होतं, आणि नवऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता.

मे महिन्यात कलमांना पानं फुटली. शशिकांतराव देवगडला फोन करकरून सांगत सुटले. खाली खोडालाही धुमारे येत होते, ते जुन्या जातीचे. ते कलमांचा जोर खातात, म्हणून दर रविवारी चाकूनं साफ करावे लागतात, हे त्यांनी बायकोलाही समजावून सांगितलं. पुढच्या रविवारी ते चाकू घेऊन गेले, तर मधुमतीबाई आधीच झाडापाशी उभ्या. एक जाडसर धुमारा त्यांनी मुठीत धरला होता.

“हा ठेवायचा,” त्या म्हणाल्या.

“अगं, सगळा जोर त्यालाच जाईल. माझी कलमं मरतील.”

“मरू देत.”

लग्न झाल्यापासून त्यांनी नवऱ्याला असं उत्तर दिलं नव्हतं. कलमं सुरेख लागली होती, वडिलांनीही शाबासकी दिली असती. शशिकांतरावांनी एकदा वर पाहिलं, एकदा बायकोच्या मुठीकडे. मग ते शिडी घेऊन आले आणि त्या धुमाऱ्याला जोर मिळावा म्हणून त्याच्या वरचंच, सगळ्यात जोमानं वाढलेलं कलम त्यांनी स्वतःच्या हातानं कापून टाकलं.