पाणी आलं की ये

"कुइसेब नदीला पाणी येईल, तेव्हाच मला तोंड दाखव," असं लुक्रेशिया पोटच्या पोराला बोलून बसली होती. हिस्किया शेळ्या सोडून बंदरावरच्या मासळीच्या कारखान्यात निघाला, म्हणून तिचं डोकं फिरलं होतं. आणि पोरगा तरी कुणाचा? आईपेक्षा हट्टी. "बरं, पाणी आलं की येतो," म्हणाला आणि कोरड्या पात्रातून चालता झाला.

आता कुइसेब काय वर्षाला हजेरी लावणारी नदी आहे? लांब डोंगरात धो धो कोसळलं तर निघते, आणि बहुतेकदा आमच्या वस्तीपर्यंत पोचायच्या आधीच वाळू तिला पिऊन टाकते. वर्षांमागून वर्षं गेली. लुक्रेशिया नाराची, वाळूतल्या त्या काटेरी झुडपाची, फळं फोडताफोडता मध्येच थांबून नदीच्या वरच्या अंगाला बघत बसायची. नणंद आल्बर्टिना म्हणायची, अगं, गाढवगाडी जोड नि भेटून ये, दिवसाचीसुद्धा वाट नाही. पण नदीच्या नावानं दिलेला शब्द मोडायचा कसा? शब्द कसला, ताठा होता म्हातारीचा. आणि पोराच्या आठवणीनं जीव तर रोज तुटत होता.

यंदा नदी आली. आधी फेस आणि काटक्या, मग काठोकाठ तांबडं पाणी. लुक्रेशियानं ओंजळभर पाणी कपाळाला लावलं, ठेवणीतला झगा घातला आणि पोराला आवडतात म्हणून नाराच्या बिया भाजायला घेतल्या.

आल्बर्टिना मग हळूच म्हणाली, "वहिनी, बंदराची वाट पलीकडच्या काठाला येते गं."

लुक्रेशिया झारा टाकून काठावर धावली; मधे नुसतं पाणीच पाणी.

दुसऱ्या दिवशी तो आला. पलीकडे. कडेवर एक चिमुरडी होती, तिची लुक्रेशियाला खबरही नव्हती. त्यानं तिला दोन्ही हातांनी उंच धरून दाखवलं. मग तिला खाली ठेवून तो पाण्यात उतरला, मांडीइतक्या पाण्यातच कोलमडला, तशी म्हातारी हात हलवून हलवून त्याला मागे फिर म्हणू लागली.

"हिस्किया, चुकलं रे माझं! पाणी असो नसो, तू येत जा!"

पाण्याच्या घोंघाटात तिचं तिलाच ऐकू आलं नाही. त्यानं कानामागे हात धरला, ऐकू येत नाही म्हणून मान हलवली. उन्हं कलली तशी कामाला परत जायची वेळ झाली, लेकीला खांद्यावर घेऊन तो गेला.

"गाडीचं चाक नीट करून ठेव," ती आल्बर्टिनाला म्हणाली. "वाट मोकळी झाली की मी जाते."

संध्याकाळी सगळी वस्ती काठावर जमली, पाणी खूप दिवस राहू दे म्हणून देवाला आळवू लागली. लुक्रेशियाही हात जोडून त्यांच्यात उभी होती. ती एकटीच ते आटावं म्हणून साकडं घालत होती.