मामा की बाबा?

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे, पण भांग पाडायचा नव्हे. गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्यानंतर तीनेक वर्षांनी अड्याळच्या तुलाराम सुतारांनी मला सागवानी चौकट बसवली आणि मी भंडाऱ्यातल्या एका कर्णबधिर शाळेत आलो. ज्या मुलांना ऐकू येत नाही ती माझ्यासमोर बाईंच्या शेजारी बसतात. आधी बाईंचे ओठ बघतात, मग स्वतःचे, आणि तसा आवाज काढायचा प्रयत्न करतात. पाहुणे म्हणत, "किती उपयोगी आरसा!" मी फुलून जायचो. पण खरं सांगू? माझं काम मला कधी नीट कळलंच नाही. 'पापा', 'बाबा', 'मामा' म्हणताना ओठ सारखेच मिटतात. माझ्यात तिन्ही शब्द एकच दिसतात.

एका वर्षी तृप्ती आली. आसगावची, विशेष शिक्षणाची पदविका करणारी. तिचे सराव पाठ लवकरच सुरू व्हायचे होते आणि पहिल्याच पाठाला परीक्षक येणार होत्या. तिची तयारी करून घेणार होत्या शाळेतल्या सर्वांत जुन्या शिक्षिका, गिरजाबाई. तृप्ती सकाळी लवकर येऊन माझ्यासमोर एकटीच सराव करी आणि तोंड एवढं वासे, की मला तिची अक्कलदाढ दिसे.

"एवढं तोंड कायले फाकवते?" गिरजाबाईंनी विचारलं. "घरी मायशी अशीच बोलते का?"

"मॅडम, एका पुस्तकात आहे, मुलांना हातवारे करू देऊ नका. दुसऱ्यात आहे, करू द्या. खरं काय?"

"पुस्तक ठेव बाजूले. पोरगी पाह्य."

तृप्तीने वहीत काहीतरी लिहिलं आणि खोडलं. तिच्याइतकाच मीही गोंधळलो.

ती पोरगी म्हणजे रीता, सहा वर्षांची. वसतिगृहात राहायची. वरठीहून एक माणूस सोमवारी तिला सायकलवर सोडी आणि शनिवारी न्यायला येई. तृप्तीने प्रवेश अर्जावरच्या त्याच्या फोटोची झेरॉक्स काढली, कार्डावर चिकटवली आणि खाली लिहिलं: बाबा.

मंगळवारी रीताने कार्ड बघितलं. तिचा चेहरा उजळला. तिने अंगठा हवेत दोनदा दाबला आणि नाकातून बारीक आवाज काढला, "मामा."

"नाही. बाबा," तृप्ती म्हणाली आणि रीताचा हात मांडीवर दाबून धरला.

"मामा."

'ब' नाकातून येऊ नये म्हणून तृप्तीने तिचं नाक हलकेच चिमटीत धरलं. पाठाच्या टाचणात लिहिलं, 'उच्चार सदोष.' तीन दिवस हेच चाललं. शुक्रवारी रीता माझ्याकडे पाठ करून बसली. तोंड उघडेना, हुंकारही देईना.

तृप्तीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मॅडम, मी हिला बोलतं करायला आले आणि गप्प करून बसले."

गिरजाबाईंनी टाचण दोनदा वाचलं. "कुठं चुकून राहिलं, मलेही नाही समजून राहिलं," त्या म्हणाल्या.

शनिवारी तो माणूस आला. तृप्तीने धीर करून त्याला आत बोलावलं. "तुमची मुलगी या आठवड्यात..."

"मुलगी नाही जी, भाची. मी परसराम, हिचा मामा. हिनं बाप पाह्यलाच नाही."

रीता धावत आली आणि अंगठा हवेत दाबू लागली.

"पाहा, मले बलावून राहिली," परसराम हसला. "मी सायकलची घंटी वाजवतो ना, थे."

तृप्तीने कार्डावरचं 'बाबा' पुन्हा वाचलं. मग पुटपुटली, "ती बरोबर म्हणत होती. आणि मी तिचं नाक दाबत होते."

"अर्जात नुसतं 'पालक' लिहून होतं," गिरजाबाई म्हणाल्या. "सव्वीस वर्षं झाली मले शिकवून, मी पण नाही विचारलं. तुझ्या एकटीची चूक नाही."

मित्रांनो, मी तर सगळे दिवस समोरच होतो. मलाही कळलं नव्हतं.

सोमवारी तृप्तीने कार्डावरचं नाव बदललं. रीताला माझ्याकडे ओढलं नाही. तिच्याजवळ जमिनीवर बसली, हवेत अंगठा दोनदा दाबला, मग रीताचं बोट स्वतःच्या नाकावर ठेवून म्हणाली, "मामा." बोटाखाली नाक थरथरलं. रीताने बोट झटकन काढून घेतलं. त्या दिवशी एवढंच.

बुधवारी ती आपणहून माझ्यासमोर आली. "मामा," म्हणाली आणि हवेतला अंगठा तसाच ठेवून, आता हात दाबला जाईल म्हणून थांबली. तृप्तीने फक्त मान डोलावली. मग रीता एवढ्या मोठ्यांदा "मामा!" ओरडली, की वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून गोदावरीबाई पोळपाट सोडून बघायला आल्या.

पहिल्या पाठाला आलेल्या परीक्षकांनी मात्र शेरा दिला, 'हातवाऱ्यांचा वापर अधिक.' गुण बेताचेच. हसावं की रडावं, तृप्तीला कळेना.

"गुण जाऊ दे," गिरजाबाई म्हणाल्या. "उद्या नवीन पोरगी येऊन राहिली. तिच्या घरी कोण कोण आहे, ते आधी विचार."

तृप्ती वही घेऊन उठली.

यंदा शाळेला रंग दिला आणि कुणीतरी मला मोठ्या माणसांच्या उंचीवर टांगलं. आता मला कपाळं दिसतात आणि पंखा दिसतो. मित्रांनो, मी ओठ दाखवतो, माणूस दाखवू शकत नाही. म्हणून एखाद्या लेकराला चूक म्हणण्याआधी त्याला, त्याच्या माणसांना विचारत जा. आणि तेवढं मला तीन विती खाली घ्या. समोर कोण बसलंय, ते मला दिसत नाही.